रिकाम्या खळग्यातला जांभळा रंग

आमच्या मॅडमसमोर ‘सेफ’ हा शब्द उच्चारायची कोणाची टाप नव्हती. लॅबमध्ये नवीन आलेलं कुणी उत्साहाने म्हणालंच, “मॅडम, सॅम्पल सेफ आहे,” तर त्या हातातलं काम थांबवून विचारायच्या, “कुणाला?” समोरचा गोंधळायचा. मग त्या म्हणायच्या, “या प्लेटमधल्या पेशी मेल्या नाहीत. आपल्याला एवढंच माहीत आहे. तेवढंच बोल.”

आमची लॅब अंबरनाथच्या एमआयडीसीत होती, एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याला लागून. औषधं, मलमं, चूर्णं असं काहीबाही तपासायला यायचं. माणूस जे गिळतो ते शेवटी यकृताकडे जातं, म्हणून आम्ही ते यकृताच्या पेशींवर टाकून बघायचो. या पेशी कधीकाळी कुणाच्या तरी यकृतातून काढलेल्या आणि तेव्हापासून प्लॅस्टिकच्या बाटल्यांत, गुलाबी पोषक पाण्यात, पिढ्यान्‌पिढ्या वाढवत आणलेल्या. मॅडम त्या विभागाच्या प्रमुख. पन्नाशी ओलांडलेल्या, किडकिडीत, कुळगावात एकट्या राहायच्या. आम्ही पाठीमागे त्यांना ‘अलार्म’ म्हणायचो.

सकाळी गेटवर आल्या की त्या आधी हवा हुंगायच्या. वॉचमनला सांगायच्या, “आज कुणीतरी सॉल्व्हंट सोडलंय. तोंडाला रुमाल बांधा.” वॉचमन बिचारा हसून मान डोलवायचा. लॅबमधला चहा त्यांनी कधी घेतला नाही. लाइट गेली की बाकीचे मोबाइल काढून बसायचे, मॅडम मात्र धावत जाऊन पेशी ठेवायच्या उबदार कपाटाला पाठ लावून उभ्या राहायच्या. चुकून कुणी दार उघडलं आणि ऊब गेली तर? जनरेटर सुरू झाल्यावरही थोडा वेळ हलायच्या नाहीत. “आलेली लाइट परत जाते,” म्हणायच्या.

आणि बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की रोज, अगदी रोज, त्या हलक्या आवाजात विचारायच्या, “कोण आपण?”

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. त्या रागावल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या आणि सांगायला लागल्या. तरुणपणी त्या दुसऱ्या एका शहरात संशोधन करायच्या. यकृताच्या म्हणून आणलेल्या पेशींवर त्यांनी दोन वर्षं काम केलं. दिवसरात्र खपून कोणतं रसायन यकृताला किती बाधतं ते काढलं. मग कुणीतरी त्या पेशींची जनुकीय ओळख तपासली. त्या यकृताच्या नव्हत्याच. वेगळ्याच अवयवाच्या, वेगळ्याच बाईच्या पेशी केव्हातरी एका थेंबातून त्या बाटलीत शिरल्या होत्या आणि मूळच्यांना मागे टाकून सगळी बाटली व्यापून बसल्या होत्या.

“दोन वर्षं मी रोज त्यांना खाऊ घालत होते,” मॅडम म्हणाल्या. “दिसायला ठीक, वाढायला ठीक. एकदाही शंका आली नाही. मला कामाचं दुःख झालं नाही गं. मला भीती ही वाटली, की मला कळलंच नाही.”

तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला, तो उडालाच. घरी कुलूप लावलं की त्या तीनतीनदा ओढून बघत. रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूंनी गाडी नसली तरी थांबून राहत. “गाडी नाही” आणि “मला गाडी दिसत नाही” यात फरक आहे, हे त्या अगदी गंभीरपणे सांगायच्या. आम्ही कंटाळायचो. सतत भिणाऱ्या माणसाबरोबर काम करणं फार थकवणारं असतं, कारण हळूहळू आपणही भ्यायला लागतो. मी घरी भाजी चिरताना सुरी दोनदा धुवायला लागले होते.

गुडघेदुखीची ती पावडर आमच्याकडे आली तेव्हा मी लॅबमध्ये चांगली रुळले होते.

आणणारे शेठ उल्हासनगरचे. पूर्वी कापडाचा धंदा, आता वनौषधींचा. स्वतः गाडीतून उतरून, दोन्ही हातांनी पाकीट धरून वर आले. तपकिरी रंगाची बारीक पावडर. ओव्याचा वास आणि त्याच्यामागून काहीतरी करपल्यासारखा दुसरा वास. “मॅडम, एकदम नॅचरल आहे. बस, एक रिपोर्ट पाहिजे. मोठ्या दुकानात ठेवायला रिपोर्ट मागतात ना.”

चाचणी मीच लावली. हाताच्या पंजाएवढ्या प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये बारीक बारीक खळगे असतात, त्यांत पेशी वाढवायच्या. मग कमी-जास्त प्रमाणात पावडरचा अर्क टाकायचा. शेवटी एक पिवळा रंग घालायचा. पेशी जिवंत असतील तर त्या तो पिवळा रंग पचवून जांभळा करतात, मेलेल्या असतील तर पिवळा पिवळाच राहतो. जितकं जांभळं तितकं जिवंत. मशीन ते मोजतं.

माझी प्लेट सुंदर जांभळी झाली. ज्या खळग्यांत सगळ्यात जास्त पावडर होती ते तर सगळ्यात गडद. पावडर न घातलेल्या पेशींपेक्षाही गडद. मी आनंदाने मॅडमना दाखवायला गेले.

“बघा ना, पेशी उलट जोमात आल्यात.”

मॅडमनी प्लेट उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. “इतकं काहीतरी अंगावर ओतल्यावर कोण जोमात येतं?” त्या म्हणाल्या.

त्यांनी कोरी प्लेट घेतली. त्यात पेशी घातल्याच नाहीत. नुसता पावडरचा अर्क आणि पिवळा रंग. प्लेट झाकून ठेवली आणि जेवायलासुद्धा न जाता तिच्यासमोर बसून राहिल्या. मला म्हणाल्या, “तूही बस. एकटीने बघायचं नाहीये मला.”

दुपार कलायला लागली तेव्हा त्यांनी झाकण काढलं. रिकामे खळगे जांभळे झाले होते.

मी त्या खळग्यांकडे बघत राहिले. त्यांत जिवंत असं काहीच नव्हतं. एकही पेशी नव्हती. आणि तरी सगळे खळगे ‘आम्ही जिवंत आहोत’ म्हणून सांगत होते. ओसाड घरात दिवा लागलेला दिसावा तसं काहीतरी वाटलं.

“पावडरच रंग बदलतीये,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “वनस्पतींच्या अर्कांत असं असतं कधीकधी. पेशींचं काम पावडरच करून टाकते. खाली मढी पडली असतील तरी वरून जांभळंच दिसणार.”

मग आम्ही पावडर घातलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. एरवी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसणाऱ्या पेशी, जास्त पावडरच्या खळग्यांत आक्रसून, गोल होऊन, सुट्या तरंगत होत्या.

“म्हणजे विषारी आहे!” मी म्हणाले.

“कशावरून?” मॅडम माझ्यावरच उखडल्या. “इतक्या प्रमाणात मीठ घातलं असतं तरी मेल्या असत्या. पोटातून यकृतापर्यंत किती पोचतं ते कुठे माहीत आहे तुला? आणि कमी प्रमाणात जगल्या म्हणून खुश व्हायचं, तर तेही नाही. खरं यकृत औषध फोडतं, त्याचं दुसरंच काहीतरी बनवतं, आणि कधीकधी ते दुसरंच जास्त वाईट असतं. या आपल्या बाटलीतल्या पेशी ते फोडायचं काम जवळपास विसरल्यात. यांना विचारणं म्हणजे माहेर सोडून पन्नास वर्षं झालेल्या बाईला माहेरच्या गल्लीतला पत्ता विचारणं. सांगेल ती काहीतरी. पण त्या पत्त्यावर जायचं कसं?”

“मग रिपोर्टमध्ये काय लिहायचं?”

“की आम्हाला माहीत नाही.”

शेठ रिपोर्ट न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. मॅडमनी त्यांना ती रिकामी जांभळी प्लेट दाखवली, सगळं समजावलं, आणि सही करणार नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, शेठ आता आवाज चढवणार. पण ते एवढंच म्हणाले, “मॅडम, मी स्वतः खातो ही. मेरी बीवी खाती है.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

मॅडम उठून त्यांच्यासमोर गेल्या. “वर बघा.” शेठनी वर बघितलं. मॅडमनी परक्या माणसाच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढून पांढरा भाग नीट न्याहाळला. “दोघांनी उद्या रक्त तपासून घ्या. लिव्हरची तपासणी म्हणून सांगा. आणि खाणं बंद.”

“दुसरी लॅब रिपोर्ट देईल मला,” शेठ म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

“देईल ना. त्याचीच तर भीती वाटते.”

शेठ निघाले तेव्हा मॅडमनी विचारलं, माल कुठे कुठे जातो? शेठ म्हणाले, दुकानात अजून नाही, पण बाजारात बसणारे किरकोळ विक्रेते घेऊन जातात. बदलापूर, वांगणी, पुढे नेरळपर्यंत.

वांगणी म्हटल्यावर मला आत्या आठवली. माझी आत्या वांगणीची. स्टेशनपासून आत, डोंगराच्या बाजूला तिचं घर आणि थोडी भातशेती. आयुष्यभर चिखलात वाकून लावणी केलेली, गुडघे पार गेलेले. होळीला मी गेले होते तेव्हा मला म्हणाली होती, बाजारातून एक औषध आणते, लय गुण आलाय.

मी तिथूनच फोन लावला. आत्याने उचलला, पण आवाज ओळखू येईना. “काय नाय गं, मना नुसती सुस्ती आलीये. जेवान जात नाय.”

मी वांगणीला पोचले तेव्हा ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. उन्हात बसली होती म्हणून मला आधी वाटलं, उजेडाचा रंग असेल. जवळ गेले. डोळे पिवळे होते. हळदीत बुडवून काढल्यासारखे. आत चुलीवरच्या फळीवर पाकीट होतं. नाव नाही, चित्र नाही. उघडून नाकाशी धरलं. ओवा, आणि मागून तो करपलेला वास.

बदलापूरच्या एका हॉस्पिटलात तिला दाखल केलं. डॉक्टर तरुण होते, भले होते. म्हणाले, कावीळ आहे, यकृताला चांगलीच सूज आहे, कशामुळे ते बघावं लागेल. मी पावडरचं सांगितलं. ते म्हणाले, असू शकतं, पण दूषित पाण्यामुळेही होतं, तपासण्या येऊ देत.

मी जिन्यात उभं राहून मॅडमना फोन केला. “मॅडम, त्या पावडरमुळेच झालंय ना? तुम्ही एकदा डॉक्टरांना तसं सांगा.”

त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही.”

मला इतका राग आला की मी फोन कापला. बाटलीतल्या पेशींबद्दल माहीत नाही, ठीक. पण इथे माझी आत्या पिवळी पडून झोपली होती, आणि ही बाई अजून तेच म्हणत होती.

संध्याकाळी मॅडम हॉस्पिटलात आल्या. पिशवीत पावडरचं सीलबंद सॅम्पल आणि कापडात गुंडाळलेली स्वतःच्या पाण्याची बाटली. डॉक्टरांसमोर बसून त्यांनी सगळं सांगितलं: रंगाची चाचणी कशी फसली, पेशी कुठल्या प्रमाणात मेल्या, आणि त्यावरून काय काय म्हणता येत नाही. डॉक्टर म्हणाले, “म्हणजे तुमच्या मते पावडरच का?” मॅडम म्हणाल्या, “मी हो म्हटलं आणि तुम्ही दुसरं कारण शोधायचं थांबवलंत, तर? ते दुसरं कारण असलं तर ही बाई जाईल. सगळं शोधा. आणि पावडर बंद ठेवा. दोन्ही करा.”

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्यांची भीती दोन्हीकडे तोंड करून उभी होती. खोट्या दिलाशाला जितक्या भ्यायच्या तितक्याच खोट्या आरोपालाही.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत, किंवा आठवायचे नाहीत. आत्या दिवसा झोपायला लागली. जागी झाली की भलतंच बोलायची. एकदा माझा हात धरून म्हणाली, “वैनी, गाय सुटलीये, बांध.” वहिनी म्हणजे माझी आई. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. डॉक्टर तिला हात पुढे पसरायला सांगायचे आणि ते पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडायचे. यकृत हरलं की त्याचा परिणाम मेंदूवर होतो, असं ते म्हणाले. पाण्यातून होणाऱ्या काविळीच्या तपासण्यांत काहीच निघालं नाही.

मॅडम रोज लॅब सुटल्यावर यायच्या. धीराचं एक वाक्यही बोलल्या नाहीत. “बरी होईल” असं कुणीही, अगदी झाडू मारणारी बाईसुद्धा, मला म्हणून जायचं. मॅडम म्हणायच्या नाहीत. त्या पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहायच्या, पापणी ओढून बघायच्या, आणि मग माझ्याशेजारी बाकड्यावर बसायच्या. एकदा मीच विचारलं, “मॅडम, ती जगेल का?”

“मी घाबरलेय,” त्या म्हणाल्या. “तू?”

“मीपण.”

“हं,” म्हणाल्या, आणि डबा उघडून माझ्या हातात पोळीचा तुकडा ठेवला. त्या शेजारी बसल्या म्हणून माझा एकटेपणा कमी व्हायचा, असं नाही. पण त्यांच्याबरोबर मला खोटं हसावं लागत नव्हतं.

मग एके सकाळी आत्याने मला माझ्या नावाने हाक मारली आणि मीठ घातलेली पेज मागितली. पिवळेपणा उतरायला बरेच दिवस गेले, पण उतरला. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, पावडर थांबवली ते बरंच झालं, बहुधा तीच असणार, पण पक्कं सांगता येणार नाही.

शेठचं आणि त्यांच्या बायकोचं रक्त मात्र अगदी ठीक आलं होतं. त्यांनी ते आम्हाला येऊन सांगितलं, पण विजयाने नाही. आत्याबद्दल ऐकून त्यांनी डोक्याला हात लावला. “मॅडम, मला काही झालं नाही, त्यांना झालं. असं कसं?”

“तुमचं यकृत वेगळं, त्यांचं वेगळं,” मॅडम म्हणाल्या. “म्हणूनच तर प्लेटवरून बोलता येत नाही.”

शेठनी पावडर बनवणं थांबवलं. पण जो माल बाहेर गेला होता तो कुणाकडे गेला, हे त्यांनाही सांगता येईना.

मी पेढे घेऊन लॅबमध्ये गेले. मॅडमनी पेढा हातात घेतला, खाल्ला नाही. “आत्याच्या पाड्यावर ती पावडर आणखी कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं.

मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “मी काय येकटीच खात व्हते? निम्मा पाडा खातो.”

त्या रविवारी मॅडम आणि मी वांगणीला गेलो. ज्या बाईने आयुष्यात अनोळखी घरचं पाणी प्यायलं नव्हतं, ती उन्हात घरोघर ओसरीवर जाऊन बसत होती. आत्याचे डोळे पिवळे झालेले सगळ्यांनी बघितले होते, त्यामुळे बहुतेकांनी पाकिटं मुकाट आणून दिली. मॅडम प्रत्येकाच्या पापण्या ओढून बघत. पोरं हसायची.

शेवटचं घर एका म्हातारीचं होतं. ती पाकीट देईना.

“मना लागू पडलंय ते. आधी संडासला बसाया यायचं नाय. आता मी रानात जाऊन लाकडं आनतंय.”

“आजी, शेजारणीला काय झालं ते बघितलंत ना?”

“तिला झालं. मना नाय झालं. सा म्हयनं खातंय मी.” म्हातारीने मॅडमकडे रोखून बघितलं. “तुम्ही डाक्टरीन ना? मग सांगा, इष हाय का ह्यात?”

मी मॅडमकडे बघितलं. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. म्हातारीने तत्क्षणी पाकीट दिलं असतं.

“मला माहीत नाही,” मॅडम म्हणाल्या.

“आन मी खाल्लं तर मरंन का?”

“तेही माहीत नाही.”

“मग कशापायी आलाव एवढ्या उन्हाचं?”

मॅडमनी ओठांवरून जीभ फिरवली. “आजी, मला भीती वाटते,” त्या म्हणाल्या. “तुम्हाला काही होणारही नाही कदाचित. पण मी घरी जाईन, आणि रात्री मला झोप येणार नाही. एवढंच खरं आहे माझ्याकडे.”

म्हातारी गुडघ्यावर हात देऊन उठली, आत गेली, आणि पाकीट आणून मॅडमच्या पदरात टाकलं. “यवढी भ्यालेली डाक्टरीन मी जल्मात पायली नाय,” ती म्हणाली. “घे बाय. झोप.”

परतीच्या रिक्षात मॅडम पाकिटांची पिशवी मांडीवर धरून बसल्या होत्या. मला वाटलं, आता तरी त्यांना बरं वाटत असेल. स्टेशन दिसायला लागलं तेव्हा त्यांनी विचारलं, “दुखायला लागल्यावर ती बाजारातून दुसरं आणेल ना गं?”

खोटं बोलावंसं फार वाटलं. “आणेल,” मी म्हणाले.

मॅडमनी पुढे वाकून रिक्षावाल्याच्या खांद्याला हात लावला. “दादा,” त्या म्हणाल्या, “रिक्षा परत वळवा.”